शीलाताईंची पट्टी

नवरी पत्रीपुलावर अडकली होती आणि माझ्याकडचे कागद संपत आले होते.

कल्याणमधलं आमचं चर्च, लग्नाचा दिवस, पियानोवर मी. नवरदेव वेदीपुढे उभा राहून कोटाचं बटण लावत होता, काढत होता. आमच्याकडे असा शिरस्ता आहे की नवरी दारात येईपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. संगीत थांबलं की लोक मागे वळून बघतात. मागे नवरी दिसली नाही की कुजबुज सुरू होते, आणि त्या कुजबुजीत चांगल्या घरच्या मुलीचं काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी वाजवत होते. युरोपातल्या राजवाड्यांसाठी कधीकाळी लिहिलेले नाजूक, इस्त्री केलेले तुकडे. ते संपले तसे मी ते उलट क्रमाने वाजवले. नवरीच्या मामाचा फोन आला की पुढे ट्रक बंद पडलाय, गाडी जागची हलत नाही. मी तिसऱ्यांदा पहिल्या तुकड्यावर आले तेव्हा नवरदेव खोकल्याचं निमित्त करून पियानोजवळ सरकला आणि म्हणाला, “मिस, हे मघाशी झालं ना?”

मी कागद मिटले. डाव्या हाताने चार कॉर्ड्स धरल्या. तीन-चार स्वर एकदम दाबले की जो भरलेला आवाज येतो त्याला कॉर्ड म्हणतात. अशा चार, एकीमागून एक, गोल फिरणाऱ्या. झोपाळ्यासारख्या. उजव्या हाताने वरून थोडी नक्षी. अशा चार कॉर्ड्सवर माणूस दिवस काढू शकतो. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी बाई गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, नुसता ‘अं’. मग तिच्या शेजारणीने बोटांनी बाकावर ठेका धरला. मग दुसऱ्या बाकाने. नवरी आली तेव्हा सगळं चर्च डुलत होतं, आणि ट्रकवाल्याला शिव्या घालत उतरलेले तिचे वडील दारातून आत येताना जवळजवळ नाचत आले. लग्नाच्या व्हिडिओत ते आहे. वडील मात्र अजून नाकबूल करतात.

गुणगुणणारी बाई म्हणजे शीलाताई. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. अधूनमधून तो माझ्याबद्दल आहे असं वाटलं तर ती माझी जुनी सवय आहे, तिकडे दुर्लक्ष करावं.

मी रूथ. ठाण्यात कोपरीला वाढले, तिथेच राहते. आठवड्यातले काही दिवस डोंबिवलीत पियानोचा क्लास घेते, आणि रविवारी कल्याणच्या आमच्या मराठी मंडळीच्या गायनमंडळाला वाजवते आणि शिकवते. ‘मंडळी’ म्हणजे आमच्याकडे चर्चला येणारा सगळा समाज. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कंपनीत होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मराठी ख्रिस्ती उपासना बाहेरच्या माणसाने ऐकली नसेल तर सांगते: पेटी, तबला, झांजा, आणि एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. शेजारच्या चाळीतलं भजन आणि आमचं भजन भिंतीपलीकडून ऐकलं तर फरक फक्त देवाच्या नावात.

पियानो मला शाळेत भेटला. आमच्या म्युझिकच्या टीचर गोव्याच्या होत्या, कडक होत्या आणि त्यांना माझी बोटं आवडली. त्यांनी मला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवलं. त्यात जे वाजवायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. कुठला स्वर, किती वेळ, किती जोरात, सगळं. लिहिणारा माणूस कधीच वारलेला असतो, पण त्याची हुकमत कायम असते. ती हुकमत मला फार आवडायची, अजून आवडते. कुणीतरी एवढा विचार करून ठेवलाय, आपण फक्त प्रामाणिक राहायचं.

मग मुंबईत एका शिबिरात मला डेलोरिसबाई भेटल्या. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय मंडळीच्या पियानोवादक, अंगाने माझ्या तिप्पट, आणि हसल्या की पियानोच्या तारा थरथरायच्या. त्या गॉस्पेल शिकवायला आल्या होत्या. गॉस्पेल म्हणजे तिकडच्या काळ्या माणसांनी, ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते, आपल्या चर्चमध्ये वाढवलेलं गाणं. त्यात देवाकडे विनंती कमी आणि खात्री जास्त. मी त्यांना अत्यंत शुद्ध असा एक तुकडा वाजवून दाखवला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासमोरचा कागद काढून त्यावर बसल्या, आणि एका मुलीला गायला सांगून मला म्हणाल्या की आता हिच्यामागे जा. कुठल्या पट्टीत, ते ती ठरवेल. किती वेळ, तेही तीच. मी पहिल्या ओळीत मागे पडले, दुसऱ्या ओळीत पुढे गेले आणि तिसऱ्या ओळीत रडकुंडीला आले. आणि मग एकदम वडिलांची पेटी आठवली. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मला हे येत होतं की. मी फक्त पियानोवर बसल्यावर ते विसरत होते.

त्या दिवसापासून मी दोन घरची पाहुणी आहे. शास्त्रीयवाले म्हणतात ही चर्चमध्ये धांगडधिंगा करते. चर्चमधले काही जुने लोक म्हणतात, रूथ छान वाजवते, पण टाळ्या कशाला. मी दोघांकडे जेवते.

क्लासमध्ये येणाऱ्यांचे प्रकार सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. घोडबंदरच्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं की मुलगी किती महिन्यांत ‘रेडी’ होईल, कारण सोसायटीच्या गॅदरिंगचा हॉल बुक करायचाय. डोंबिवलीच्या एक आजी नातीला सोडायला यायच्या, कोपऱ्यात बसून वाती वळायच्या. नात कंटाळून गेली, आजी राहिल्या. त्या आता डाव्या हाताने असा ठेका धरतात की मी थक्क होते. एकांनी पियानो घेतला तो पावसाळ्यात बसला. पियानोच्या पोटात लाकूड आणि लोकर असते, आपल्याकडच्या ओलीने ती फुगते. म्हणून आत एक छोटा बल्ब लावून ठेवायचा, त्याच्या उबेने पियानो कोरडा राहतो. त्यांना मी तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सासूबाई मला फोनवर विचारत होत्या की बल्बासमोर उदबत्ती लावली तर चालेल का. मी म्हटलं, शेजारी लावा, आत नको.

हौशी माणसं मला फार आवडतात. हळहळ वाटते ती परीक्षेच्या मुलांची. ग्रेड एक, ग्रेड दोन, करत करत आठपर्यंत चढतात, उत्तम मार्क मिळवतात आणि मग त्यांच्या कीबोर्डवर इस्त्रीचे कपडे येऊन पडतात. कधी लग्नकार्यात भेटली तर म्हणतात, मिस, आता काही येत नाही. येत नाही कसं? कागद नाही, एवढंच.

प्राची त्यांच्यातली सगळ्यात हुशार. प्राची तांबे, ठाकुर्लीची, बँकेत नोकरी, कुटुंब मूळचं कोकणातलं. लहानपणापासून माझ्याकडे आणि सगळ्या परीक्षांत पहिली. तिने मात्र पियानो सोडला नव्हता. बँकेतून सुटली की रोज सराव, समोर मेट्रोनोम टिकटिकतोय. मेट्रोनोम म्हणजे लय मोजून देणारं यंत्र. प्राचीकडे बघून कधीकधी वाटायचं की तेच हिच्याकडून लय शिकत असेल.

तर आता शीलाताई. कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ, पदराला पिन. आमच्या मंडळीत ईस्टरच्या सकाळी एक गाणं असतं. ईस्टर म्हणजे प्रभू कबरीतून उठला तो दिवस. कबरीच्या तोंडावरचा धोंडा बाजूला झालेला असतो. आमच्याच मंडळीतल्या एका दिवंगत आजोबांनी साध्या मराठीत लिहिलेलं ते गाणं आहे, ‘दगड सरला, दार उघडलं’ असं सुरू होणारं, आणि त्याला मी गॉस्पेलची चाल लावली. ते पहिल्यापासून शीलाताईंनीच गायलं. ‘उघडलं’वर त्यांचा आवाज असा चढायचा की पंखे थांबल्यासारखे वाटायचे. त्यांची पट्टी काळी चार. आपल्याकडे गाणारे आपली पट्टी पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात, आणि पट्टी म्हणजे आवाजाचं घर. तिथून निघायचं, तिथे परतायचं.

मागच्या वर्षी त्यांच्या थायरॉईडचं ऑपरेशन झालं. तब्येत उत्तम सुधारली. आवाज खाली बसला. डॉक्टर म्हणाले गायला हरकत नाही, पण पूर्वीसारखा होईल असं सांगता येत नाही. नाताळात त्या गायनमंडळात उभ्या न राहता मंडळीत बसल्या, आणि मी पियानोवरून बघत होते तर त्या नुसते ओठ हलवत होत्या.

ईस्टर जवळ आला तसे आमचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, मला हळूच म्हणाले की या वर्षी गाणं एखाद्या तरुण मुलीला द्यावं का, शीलाताईंना अवघडल्यासारखं नको. ते भले गृहस्थ आहेत. भल्या माणसांना नेमकं असंच सुचतं. मी तडक शीलाताईंकडे गेले. चहा झाला, भूगोल झाला, मग मी म्हटलं की गाणं तुम्हीच म्हणायचं, पट्टी खाली घेऊ.

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, “ईस्टरला जमलं तर जमलं, रूथ. नाही जमलं तर मी बाकावर बसेन आणि मग मला परत उठवायचं नाही. कीव म्हणून दिलेलं गाणं मला कळतं.”

आम्ही पट्टी शोधायला बसलो. काळी चार नाही. तिच्या खालची नाही, त्याखालचीही नाही. उतरत उतरत पांढरी तीनला आलो तेव्हा त्यांचा आवाज टेकला. आणि काय आवाज होता तो. पूर्वीचा आवाज स्टीलच्या ताटासारखा, हा तांब्याच्या हंड्यासारखा. मी खुर्चीत उडाले. त्या मात्र म्हणाल्या, “हा माझा आवाज नाही.” मी म्हटलं, मग तुमच्या तोंडात कुणाचा आला?

त्यावर त्या हसल्या, म्हणजे ठरलं. फक्त एक अट. गॉस्पेलमध्ये अशी रीत असते की गाणं तापलं की गाणारी बाई अंगठा वर करते, आणि सगळ्यांनी मिळून पट्टी एक घर वर चढवायची. तेच गाणं, पण मजला वरचा. ऐकणाऱ्याच्या पोटात जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं होतं. शीलाताई म्हणाल्या, अंगठा बिंगठा नाही. तिन्ही कडवी पांढरी तीन, जमिनीवरून.

आणि मग मी माझा हात मोडला.

दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी जुना पियानो घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार हमाल तो जिन्यातून चढवत होते आणि मी पुढे उलटी चालत ‘डावीकडे, डावीकडे’ असं मार्गदर्शन करत होते, जे कुणीही मागितलं नव्हतं. तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला. दिव्यात टँकर आला की काय होतं ते दिवेकरांना विचारा. वरच्या सगळ्या मजल्यांवरून हंडे, कळश्या, बादल्या घेऊन माणसं खाली धावली, आणि जिन्यात मध्ये पियानो. कुणीतरी ओरडलं, ओ बाई, तुमचं कपाट घ्या बाजूला. मी ‘कपाट नाही’ हे सांगायला वळले आणि पायरी चुकले. पियानो सुखरूप पोचला. माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर.

आता वाजवणार कोण? आमच्या मंडळीत गिटारवाले पुष्कळ, पियानोवाली मी एकटी. मी प्राचीला विचारलं. तिने आधी विचारलं की नोटेशन आहे का. मी डाव्या हाताने, कोंबडीने माती उकरावी तसं, गाणं पांढरी तीनमध्ये लिहून दिलं.

पहिली तालीम मी मरेपर्यंत विसरणार नाही. चर्चमध्ये आम्ही बारा-पंधरा जण, पियानोवर प्राची, शेजारी शीलाताई. प्राचीने सुरुवात इतकी सुंदर केली की बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शीलाताईंनी ओळ टाकली. ‘दगड’ म्हटल्यावर त्या थांबल्या, कारण त्यांना थांबावंसं वाटलं. धोंडा लगेच सरकत नाही. प्राची थांबली नाही. कागदावर थांबायला सांगितलं नव्हतं. ती एकही चूक न करता, लयीत, दमदारपणे कडवं संपवून मोकळी झाली, आणि परीक्षेसाठी मी जसं शिकवलंय तसे दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली. शीलाताईंची अजून दीड ओळ बाकी होती. त्या तशाच, पियानोशिवाय, शेवटपर्यंत गायल्या.

“मी संपवलेलं,” प्राची म्हणाली.

“हो बेटा, आम्ही बघितलं,” शीलाताई म्हणाल्या. “आम्हाला पण न्यायचं होतं.”

सगळे हसले, प्राची लाल झाली, आणि मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे कागद नाही, खांदे वाचायचे. गाणारा श्वास घेतो तेव्हा खांदे वर येतात. ते वर आले की तुझं बोट तयार, खाली आले की खाली. प्राचीला हे पटलं. पण ती बँकेतली मुलगी. पुढच्या तालमीला आली तर कागदावर लाल पेन्सिलने जागोजागी ‘काकू श्वास’ असं लिहिलेलं. शीलाताईंनी अर्थातच भलतीकडे श्वास घेतले.

“काकू, तुम्ही परवा इथे घेतला होता श्वास.”

“परवा मी जेवले नव्हते.”

असं करत करत दोघी जवळ आल्या. प्राची थांबायला शिकली. अंगठ्याची रीतही मी तिला गंमत म्हणून सांगून ठेवली. खरं सांगायचं तर प्लास्टरमुळे मला जे कळलं ते डेलोरिसबाईंमुळेही कळलं नव्हतं: साथ कशी करतात हे बाहेर उभं राहून बघितल्याशिवाय दिसत नाही. मी आजवर वाजवण्यात इतकी गुंग असायचे की गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला फक्त आवाजातून कळायचं. आता चेहरा दिसत होता. आणि शीलाताईंच्या चेहऱ्यावर भीती होती. दर वेळी ‘उघडलं’ आलं की त्या डोळे मिटायच्या, पायरी दिसत नसलेल्या जिन्यात मिटावेत तसे. पांढरी तीनवर तो स्वर त्यांना सहज लागत होता. तरी मिटायच्या.

ईस्टरचा रविवार. वेदीवर मोगरा आणि पांढरी शेवंती, सगळ्यांचे कडक कपडे, बाक भरलेले. प्राची आईला घेऊन आली होती. तांबेकाकू पहिल्या बाकावर मांडीवर पर्स धरून बसल्या आणि कधी उठायचं, कधी बसायचं ते शेजारणीकडे बघून करत होत्या, फक्त अर्धा क्षण उशिरा. पाळकसाहेब माझ्याकडे बघून प्रेमाने आणि काळजीने हसले. मी गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात घेऊन गायनमंडळापुढे उभी. डाव्या हाताने इशारे करायचे, एवढंच माझं काम.

पहिलं कडवं. मंडळीला त्या गाण्याची काळी चारची सवय. शीलाताईंनी खालून, पांढरी तीनवरून सुरुवात केली तेव्हा बाकांवर एक चुळबुळ झाली, ओळखीच्या माणसाला नव्या चष्म्यात बघितल्यावर होते तशी. मग ती थांबली. हंड्याच्या तळातून येणारा तो आवाज ‘दगड’वर थांबला, प्राची थांबली, सगळं चर्च थांबलं, आणि ‘सरला’ आलं. मागून कुणाचंतरी ‘आमेन’ आलं. ‘उघडलं’वर त्यांनी डोळे मिटले आणि स्वर लागला, स्वच्छ. मी श्वास सोडला. जमलं. आता नुसतं शेवटपर्यंत न्यायचं.

दुसऱ्या कडव्याला गायनमंडळ आलं, टाळ्या आल्या. जुन्या मंडळींपैकी ज्यांना टाळ्या आवडत नाहीत तेही गुडघ्यावर बोटं आपटत होते, मला दिसतं सगळं. आणि कडवं संपताना शीलाताईंचा हात साडीच्या निऱ्यांपाशी हलला. मला वाटलं निरी सावरतायत. निरी नव्हती. अंगठा होता. वर.

अटीत हे नव्हतं. प्राचीने अंगठा पाहिला. तिने माझ्याकडे मान वळवली आणि मी चटकन छताकडे बघायला लागले. मी तिच्याकडे पाहिलं असतं तर तिने माझं ऐकलं असतं, आणि ऐकायचं होतं शीलाताईंचं.

पांढरी चार. प्राचीने उडी मारली. पहिली कॉर्ड मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी पडली. शीलाताई हलल्या नाहीत. त्यांनी आपला स्वर धरून ठेवला, लांबवला, अंगणात कंदील घेऊन कुणीतरी उभं राहतं तसा, प्राची येईपर्यंत. आली ती. दुसऱ्या कॉर्डला आली. आणि गाणं एक मजला चढलं. तांबेकाकूंनी शेजारणीचा दंड पकडला.

आता बस, मी मनात म्हटलं. कडव्याची शेवटची ओळ त्या पट्टीत पुन्हा म्हणून होते तोवर अंगठा पुन्हा वर.

पांढरी चारच्या वर काळी तीन. पियानोवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: कागदावर त्या पट्टीला सहा खुणा सांभाळाव्या लागतात, आणि परीक्षेची मुलं त्या पानाला सापासारखं टाळतात. गॉस्पेलवाल्यांची मात्र ती लाडकी पट्टी. सगळ्या काळ्या पट्ट्या बोटाखाली येतात, हात चुकायला जागाच नाही. हे मी प्राचीला कधीतरी सांगायला हवं होतं. तिचे ओठ हलले. ‘सहा’ म्हणाली असावी. समोरच्या कागदाचा आता काही उपयोग नव्हता. तिने शीलाताईंच्या खांद्यांकडे पाहिलं, खांदे वर आले, आणि दोघी एकदम काळी तीनवर उतरल्या. बरोबर. पहिल्या फटक्यात. मी प्लास्टरच्या हाताने टाळी वाजवायला गेले आणि डोळ्यांपुढे तारे चमकले.

शेवटचं कडवं. आता ‘उघडलं’ बरंच वर होतं, जुन्या घराच्या फक्त दोन पायऱ्या खाली. शीलाताई त्या स्वराकडे गेल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून. स्वर लागला, क्षणभर पूर्वीचं ते स्टीलचं ताट झळकलं, आणि फुटला. आवाज फाटला आणि मग नुसती हवा. त्या तोंड उघडून उभ्या होत्या आणि तोंडातून काही येत नव्हतं.

माझा डावा हात हवेत गोठला. पाळकसाहेब अर्धे उठले. तेवढ्यात प्राचीने ती कॉर्ड पुन्हा वाजवली. तीच. सोडली नाही. पुन्हा, पुन्हा, डावीकडून ठेका धरून, जणू ती जागा थांबायचीच होती. आणि गायनमंडळाने माझ्याकडे न बघता तो स्वर उचलला. मग बाकांनी. अख्ख्या मंडळीच्या गळ्यातून ‘उघडलं’ निघालं, ओबडधोबड, काही सुरात, काही अगदीच नाही. शीलाताई इकडून तिकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे वर आले. पुढची ओळ त्यांनी खालून, त्या नव्या आवाजात, मंडळीच्या खांद्यावर हात टाकावा तशी टाकली, आणि गाणं शेवटाला नेलं.

टाळ्या. मग बसण्याची खुडबुड. पाळकसाहेब बायबल उघडून उपदेशाला उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला. गायनमंडळ बसलं. शीलाताई बसल्या नाहीत. मला वाटलं चक्कर येतेय. मी पुढे झाले तर त्या पियानोच्या कडेवर हात ठेवून प्राचीकडे वाकल्या होत्या.

“पुन्हा घे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या कडव्यापासून.”

प्राचीने पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा छताकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि मुकाट्याने खाली बसले.

“पांढरी तीनवरून ना, काकू?” प्राचीने कुजबुजत विचारलं.

शीलाताई ताठ झाल्या, पदराची पिन चाचपली आणि मंडळीकडे तोंड करून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “खाली कशाला उतरायचं? आता आहोत तिथूनच.”